पाचवं कारण

सप्ताहातलं कीर्तन आटोपलं, की पाया पडायला आलेली म्हातारी माणसं विचारतात, ‘‘महाराज, एवढ्या रात्री घाट उतरणार?’’ आणि उत्तर न ऐकताच म्हणतात, ‘‘तुम्हाला काय म्हणा, पांडुरंग आहे पाठीशी.’’ पांडुरंगाविषयी माझी तक्रार नाही. पण गाडीवर माझ्या पाठीशी बसतात ते आमचे मृदंगाचार्य. आम्हा दोघांच्या मधे खोळीत घातलेला मृदंग आणि त्यांच्या तोंडाने अखंड नामस्मरण. उजवं वळण आलं की मी गाडी उजवीकडे कलती करतो आणि हे भिऊन डावीकडे झुकतात. नाम चालू, झोक उलटा. गाडी ऐकते ते झोकाचं.

मी पाटण तालुक्यातला. निम्मी कीर्तनं देशावर, निम्मी कोकणात आणि मधे कुंभार्ली घाट. कराडहून चिपळूणला उतरणारा हा रस्ता हेळवाक मागे पडल्यावर खरा घाट होतो आणि खाली पोफळी येईपर्यंत मनाला येईल तसा वळतो. टँकर, ट्रक, एसटी, वऱ्हाडाच्या गाड्या, सगळे याच वाटेचे. पावसाळ्यात डोंगरातून आलेली लाल माती वळणाच्या आतल्या अंगाला पसरते, कडेच्या डांबरावर शेवाळ धरतं. टाकी गच्च भरून निघालेल्या ट्रकचं डिझेल नेमकं अवघड वळणावर सांडतं, कारण टाकी हिंदकळते ती तिथेच. ओल्या रस्त्यावर ते इंद्रधनुष्याचे रंग पसरलेले दिसले की शंभर सीसीच्या गाडीवर बसलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. माझ्या गाडीला दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. नव्या मोठ्या गाड्यांना एबीएस असतं, चाक जाम होऊ देत नाही म्हणतात. आमच्याकडे ते काम बोटांना शिकवावं लागलं.

कीर्तनाच्या शेवटी यजमान फेटा बांधतात, हार घालतात. तो फेटा काढून मी हेल्मेट घालायला लागलो की मंडळींचे चेहरे उतरतात. महाराज दिसेनासे होतात आणि कुरिअरवाला दिसायला लागतो. शिरगावच्या बाजूच्या एका माळकऱ्याने एकदा विचारलंच, ‘‘महाराज, गळ्यात तुळशीची माळ आहे, मग डोक्यावर हे कशाला?’’ प्रश्न खोचक नव्हता. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं: सगळा भार विठ्ठलावर टाकला म्हणणाऱ्याने स्वतःच्या कवटीची वेगळी सोय केली, तर तो भार टाकला की नाही टाकला? कीर्तनकाराजवळ हशा पिकवणारं उत्तर नेहमी तयार असतं, ते मी दिलं. मंडळी हसली. माळकरी हसला नाही.

तेव्हापासून घाट उतरताना हा प्रश्न माझ्याबरोबर असतो. बरं आहे, घाटात तो मठापेक्षा नीट कळतो.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो. त्यांत शेवटी कुंभारीण माशी येते. तिने मातीच्या घरात कोंडलेली अळी भीतीने तिचंच ध्यान करत राहते आणि करता करता तिच्यासारखीच होते. नाथमहाराजांनी त्याच स्कंधावर टीका लिहिली आहे, म्हणून आम्हा वारकऱ्यांना हा दृष्टांत पाठ. कंसाचंही तेच. त्याने कृष्णाचा ध्यास घेतला तो प्रेमाने नव्हे, भीतीने. उठता-बसता कृष्ण, आणि शेवटी पोचला कृष्णापाशीच. कीर्तनात आम्ही हे भक्तीचं माहात्म्य म्हणून सांगतो. घाटात याची दुसरी बाजू दिसते. नवखा पोरगा वळणात वेगाने शिरतो, घाबरतो आणि दरीकडच्या कठड्याकडे बघायला लागतो. नजर कठड्यावर खिळली की मान तिकडे, खांदे तिकडे, हँडल तिकडे. रस्ता रिकामा असतो, वळायला जागा असते, तरी तो कठड्यालाच जाऊन धडकतो. त्याला कठडा नको होता, पण ध्यान त्याचंच चाललं होतं. म्हणून शिकवताना पहिली गोष्ट हीच सांगावी लागते, की ज्याची भीती वाटते तिकडे बघू नकोस, वळणातून जिथे बाहेर पडायचं आहे तिकडे हनुवटी वळव. गाडी मागून येते.

दुसरी गोष्ट वेगाची. ताशी ४० किलोमीटरने चाललेली गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. बैल आडवा आला हे डोळ्याला दिसून बोट ब्रेकवर पोचेपर्यंत तो सेकंद संपलेला असतो. वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यावर घसटत जाण्याचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा. तेवढ्या जागेत पकड किती असणार? तीच वळायला पुरवायची आणि तीच थांबायला. वळणात गाडी कललेली असताना दचकून पुढचा ब्रेक आवळला, तर दोन्हीला पुरत नाही आणि गाडी अंगाखालून निघून जाते. म्हणून वेग मारायचा तो गाडी सरळ असताना, वळणाच्या अलीकडे.

किती मारायचा? त्याचं माप रस्ताच देतो. रस्ता जिथे डोंगराआड जातो त्या जागेकडे बघत राहावं. ती जागा आपल्या पुढे पुढे पळत असेल तर वळण सुटतं आहे. ती तिथेच थांबून आपल्या अंगावर येत असेल तर वळण आवळतं आहे, वेग अजून कमी हवा. आणि जेवढा रस्ता दिसतो त्याच्या निम्म्यात थांबता आलं पाहिजे. निम्म्यात अशासाठी, की डोंगराच्या पलीकडूनही कोणीतरी येतो आहे आणि उरलेला निम्मा रस्ता त्याचा आहे.

हे मी जमेल त्याला सांगतो. रविवारी पुण्याकडून गुहागरला जाणाऱ्या मोठ्या गाड्यांच्या टोळ्या भेटतात. अंगात जाडजूड जाकिटं, गुडघ्याला कवच, गाडीला कॅमेरे. चहाच्या टपरीवर बोलणं होतं. ही पोरं माझ्यापेक्षा कितीतरी सफाईने गाडी चालवतात, त्यात वाद नाही. पण त्यांच्यातल्या काहींचा एक सिद्धांत असतो: अपघात होतो तो कौशल्य कमी पडल्यामुळे, पुरेसं कौशल्य असेल तर अपघात होतच नाही. मला हा सिद्धांत त्या म्हाताऱ्यांच्या ‘पांडुरंग आहे’चा जुळा भाऊ वाटतो. एकाने सगळं वर सोपवलं, दुसऱ्याने सगळं आपल्या मनगटात घातलं. आंधळ्या वळणावर दोघेही मधली रेघ ओलांडून जाताना मी पाहिले आहेत.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो.

आमच्याकडे दशक्रियेला प्रवचन असतं. नदीकाठी पिंड मांडलेले असतात, सगळ्यांचं एक डोळा कावळ्याकडे ठेवून बसणं चाललेलं असतं आणि तेवढ्या वेळात महाराजांनी चार शब्द बोलायचे. अशाच एका दशक्रियेला मला बोलावणं आलं. गाव सांगत नाही. गेलेला मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा, घाटात मोटरसायकलवर गेला. मी लवकर पोचलो होतो. त्याचे मित्र पिंपळाच्या पाराशी गाड्या लावून उभे होते. त्यांतल्या एकाने मला बाजूला घेतलं आणि जे गावात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं ते सांगितलं.

उतार लागला की हे सगळे गाडीचं इंजिन बंद करत. न्यूट्रल टाकायचा आणि गाडी सोडून द्यायची. पेट्रोल वाचतं, शिवाय इंजिनाचा आवाज नसल्यामुळे कानाला नुसता वारा लागतो, मजा येते. आपल्याकडे ही सवय नवी नाही, बापही हेच करत होते. पण इंजिन बंद केलं म्हणजे गिअरने गाडी धरून ठेवणं संपलं. दुसऱ्या गिअरवर उतरणारी गाडी स्वतःच स्वतःला आवरते, न्यूट्रलवरची गाडी आवरायला फक्त ब्रेक. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला की ड्रम तापतात आणि मग पायाखाली ब्रेक असतो पण गाडी थांबत नाही. त्यात त्या मुलाची गाडी जुनी, तिचा पुढचा दिवा इंजिनावर चालायचा. इंजिन बंद, की दिवा बंद. वेळ दिवेलागणीची. खालून एक टँकर चढत होता.

रात्रीचा घाट एका बाबतीत दिवसापेक्षा बरा असतो, हे घाटातल्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा. समोरची गाडी वळणाआड असते तेव्हाच तिचा उजेड समोरच्या कातळावर फिरताना दिसतो. गाडी नंतर येते, वर्दी आधी. टँकरवाल्याला त्या संध्याकाळी कातळावर काही दिसलं नाही. त्याने वळणावर आपलं लांब धूड फिरवायला मधली जागा घेतली, जशी सगळे टँकरवाले घेतात. तो चढावर होता. अरुंद घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची हा रिवाज आहे, कायद्यातही आहे.

हे ऐकून मी काठावर येऊन बसलो, तर त्या मुलाची आई पुढे झाली. पायावर डोकं ठेवलं, वर बघितलं आणि म्हणाली, ‘‘महाराज, त्याची वेळच भरली होती ना?’’

मागे पाराशी ते सगळे मित्र. तिला ‘नाही’ म्हणावं, तर ती उरलेलं आयुष्य हिशेब करत बसणार. त्या संध्याकाळी लवकर ये म्हणून फोन तिनेच केला होता, पेट्रोलला पैसे कमी तिनेच दिले होते, असले हिशेब. आणि ‘हो’ म्हणावं, तर पाराशी उभी असलेली पोरं ते ‘हो’ खिशात घालून घरी नेणार. वेळ भरायची तेव्हा भरेल, आपण इंजिन बंद करायला मोकळे.

‘‘हो माउली,’’ मी म्हणालो. आणि प्रवचनाला उभा राहिल्यावर अठरावा अध्याय काढला.

गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंत सांगतात, की कुठलंही कर्म घडायला पाच कारणं लागतात: अधिष्ठान, कर्ता, करणं म्हणजे साधनं, नाना प्रकारच्या हालचाली, आणि पाचवं दैव. आमच्या पंचक्रोशीत याचा सोपा अर्थ करायचा तर रस्ता, चालवणारा, गाडी, त्याने केलेल्या क्रिया आणि पाचवं नशीब. मी कितीतरी वेळा असाच अर्थ ऐकला आहे. त्यात निदान एवढं तरी बरं, की दैव पाचवं येतं, पहिलं नाही. आपण मात्र पोलिसाने पंचनामा करण्याआधीच थेट पाचव्यावर जातो आणि पहिली चार न तपासता फाइल मिटवतो.

पण ज्ञानेश्वरमाउलींनी असा सोपा अर्थ केलेला नाही. त्यांच्या विवरणात अधिष्ठान म्हणजे हा देह, करणं म्हणजे इंद्रियं, आणि पाचवं दैव म्हणजे त्या इंद्रियांच्या देवता. प्रत्येक इंद्रियाला त्याची देवता असते आणि तिच्या बळावर ते इंद्रिय चालतं. डोळ्याची देवता सूर्य. डोळा शाबूत आहे, बघणारा जागा आहे, बघायची इच्छा आहे, पण उजेडच नसेल तर बघणं हे कर्म घडत नाही. हे वाचताना पूर्वी मला ते शास्त्रातलं वर्गीकरण वाटायचं, पाठांतरापुरतं. त्या नदीकाठी उभा असताना मात्र सरळ कळलं. दैव म्हणजे आकाशातून पडणारा दगड नव्हे. माझ्या हातात नसलेली, पण जिच्यावाचून माझं काहीच चालत नाही अशी गोष्ट. सूर्य बुडाल्यावर घाटात त्या देवतेचा जो काही अंश उरतो तो गाडीच्या दिव्यात असतो. तो आपण स्वतःच्या हाताने किल्ली फिरवून मालवला, तर मग पाचव्या कारणाला दोष देण्यात अर्थ नाही. ते आपल्याकडे आलेलं होतं, आपणच परत पाठवलं.

यातलं सगळं मी प्रवचनात बोललो नाही. आई समोर होती. कर्माचे तीन प्रकार तेवढे सांगितले: संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. साठलेलं, भोगायला सुरू झालेलं आणि आत्ता हातून घडत असलेलं. जे घडून गेलं त्याला प्रारब्ध म्हणावं, कारण आता त्यात कोणालाच हात घालता येत नाही आणि मागे उरलेल्यांना जगायचं असतं. पण हँडल हातात असेपर्यंत सगळं क्रियमाण. त्या वेळी जो प्रारब्ध म्हणतो तो शास्त्र सांगत नाही, कंटाळा सांगतो. आईला दिलेलं ‘हो’ आणि पोरांना सांगायचं ‘नाही’ एकाच शास्त्रातून आलं. मी त्यासाठी काही वाकवलं नाही असं मला वाटतं. चाफळ आमच्याच तालुक्यात, समर्थांनी रामाचं देऊळ बांधलं ते गाव. मी वारकरी असलो तरी दासबोधातला प्रयत्नवाद माझ्या कानावर लहानपणापासून आहे. आणि समर्थांच्या कितीतरी आधी योगवासिष्ठात वसिष्ठांनी रामाला हेच बजावलं आहे, की दैव दैव म्हणतात ते दुसरं काही नसून पूर्वी केलेल्या प्रयत्नाचंच फळ, आणि आजचा प्रयत्न कालच्याला हरवू शकतो.

इथवर माझं समाधान होतं. पुढे होत नाही.

कारण तो टँकरवाला. विजापूरकडचा होता म्हणे. त्याचे ब्रेक ठीक, दिवे चालू, तो प्यायलेला नव्हता, वेग बैलगाडीचा. त्याच्यापुरती चारही कारणं जागच्या जागी होती. त्याच्या वाट्याला पाचवं आलं ते एका पोराच्या बंद केलेल्या किल्लीच्या रूपाने. आता तो तारखांना येतो. म्हणजे एकाचं क्रियमाण वळणापलीकडच्या दुसऱ्याचं दैव होऊन त्याच्या अंगावर जातं. हे कर्मसिद्धान्तात कुठे बसवायचं? शास्त्री म्हणतील, त्याचंही काही पूर्वकर्म असेल. असेल. पण ते वाक्य फार स्वस्त आहे. पुस्तकावर हात ठेवून ते म्हणता येतं, त्या माणसाच्या समोर बसून म्हणवत नाही. त्याच्यासाठी कोणी प्रवचन ठेवलं नाही.

२०१८ च्या जुलैत आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली. बसमधला एकच माणूस वाचला. ‘देव तारी त्याला कोण मारी’ हे तेव्हा अनेकांच्या तोंडी होतं. पण त्या म्हणीचा दुसरा अर्धा भाग कोणी उच्चारत नाही: मग बाकीच्यांना? तो अर्धा उच्चारण्याचं धैर्य नसेल, तर पहिलाही बोलू नये असं माझं मत झालं आहे. कीर्तनातून ही म्हण मी काढून टाकली.

माळकऱ्याला द्यायचं उत्तर मला सापडलं ते इथे. पांडुरंगावर भार टाकणं म्हणजे आपला निम्मा रस्ता त्याच्यावर टाकणं नव्हे. वळणापलीकडचा तो दुसरा निम्मा, जो मला दिसत नाही, त्यावर कोण आहे हे मला ठाऊक नाही, तो माझ्या मनगटात कधीच येणार नाही. तेवढा त्याच्यावर टाकायचा. आणि तो खरोखर टाकला असेल तर माझा वेग आपोआप कमी होतो, कारण जे आपलं नाही त्यात कोणी घुसत नाही. पलीकडच्या माणसाच्या बाबतीत मी त्याचं पाचवं कारण आहे. आज मी कुठल्या रूपाने त्याच्यापुढे जाणार, हे मात्र बरंचसं माझ्या हातात आहे. हेल्मेटचं म्हणाल तर ते या सगळ्यात अगदी लहान कलम. अधिष्ठान देह, एवढं माउलींनी सांगितल्यावर त्याच्या वरच्या टोकाला झाकण घातलं, तर त्यात अश्रद्धा कुठली?

माळकऱ्याला हे सांगितलं. त्याने ऐकलं आणि विचारलं, ‘‘मग माळ कशाला?’’ माणूस हुशार आहे. आमचं ते प्रकरण अजून चालू आहे.

त्या दशक्रियेला कावळा शिवला, माणसं पांगली, पोरं मात्र घुटमळत राहिली. मग तिथेच नदीकाठच्या उतारावर मी माझी गाडी काढली. इंजिन चालू ठेवून दुसऱ्या गिअरवर सोडली तर ब्रेकला हात न लावता कशी संथ उतरते ते दाखवलं. पहिला गिअर टाकला तर किती ओढून धरते तेही. एकाला मागे बसवून सांगितलं, की वळणाला माझ्या खांद्यावरून वळणाच्या आतल्या बाजूला बघ, बाकी काही करू नकोस. त्याचा झोक तिथल्या तिथे बरोबर आला. आमच्या मृदंगाचार्यांना हेच सांगून झालं आहे, पण ते म्हणतात आम्ही ताल धरतो, तोल तुम्ही धरा.

हे एका ज्येष्ठ महाराजांच्या कानावर गेलं. पंढरीत भेटले तेव्हा बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘दशक्रियेच्या जागी गिअर काय शिकवता? आपलं काम वैराग्य सांगण्याचं.’’ मोठा माणूस, मी पाया पडलो, उलट बोललो नाही. पुढच्या सप्ताहात काल्याच्या कीर्तनाआधी पाच मिनिटं मागून घेतली आहेत आणि बोलणार आहे ते गिअरबद्दलच. गेल्या काल्याला निम्मी पोरं एकेका गाडीवर तिघं तिघं बसून आली होती, आणि जाताना प्रसादाची पातेलीही त्यांच्याच मांडीवर होती.